चौदा ऑगस्टचा पाऊस

आर्डलेनन या निवासी शाळेचा दीडशे वर्षांचा इतिहास छापायला जायच्या बेतात होता, तेव्हा त्यातलं एक प्रकरण आकडे तपासण्यासाठी रोना मॅकइनरॉयच्या टेबलावर आलं. आणून देणारे टॉर्किल प्रिंगल हेच पुस्तकाचे लेखक. आधी याच शाळेचे विद्यार्थी, मग तीस वर्षं इथेच इतिहासाचे मास्तर, आता निवृत्त. आकडे तेवढे बघा, वाक्यांना हात लावू नका, असं त्यांनी हसत हसत बजावलं आणि तिच्या बशीतलं एक बिस्किट उचलून ते चालते झाले.

रोना शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन दोन वर्षांपूर्वी इथे आली. आम्लाच्या बाटल्या भरणं, मुलांनी जाळलेले मीटर दुरुस्त करणं आणि रोज सकाळी चॅपेलमागच्या हिरवळीवर जाऊन तांब्याच्या पर्जन्यमापकातला पाऊस मोजणं, ही तिची कामं. पावसाची नोंद शाळा स्थापनेपासून करत आली होती. त्या नोंदींवरच प्रिंगलसाहेबांचं प्रकरण होतं, आणि ते सगळं एका माणसाच्या कौतुकाने भरलेलं होतं. डॉ. हेक्टर ड्रायसडेल. सव्वीस वर्षं विज्ञानाचे मुख्य शिक्षक, आता दिवंगत. 'सव्वीस वर्षांत एकही दिवस न चुकता', असं त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. नव्या विज्ञान इमारतीला त्यांचंच नाव दिलं जाणार होतं.

सातव्या पानावर रोनाचा चहा थंड व्हायला लागला. तिथे एक गंमत सांगितली होती. १९६६च्या ऑगस्टमध्ये खोऱ्यात पूर आला तेव्हा डॉक्टर सुट्टीवर फ्रान्सला होते. सुट्टीत भांड्याकडे बघायचं काम त्यांनी धुलाईखान्यातल्या बेथिया कॅटनाख या बाईला सांगितलं होतं. बाईने १४ ऑगस्टला पाऊस लिहिला ५.१२ इंच. वरच्या धरणावर त्याच दिवशी भरला होता ३.९० इंच. बाईने एकच पाणी दोनदा मोजलं हे उघड होतं. डॉक्टरांनी तिची नोंद बाद केली, आणि पुढे कित्येक वर्षं मुलं तिला बायबलातल्या महापुरावरून 'नोहाची बायको' म्हणत. शेजारी अर्धं पान फोटो. दोरीवर चादरी घालणारी एक तरुण बाई, वाऱ्याने केस तोंडावर आलेले. खाली ठळक अक्षरांत तेच टोपणनाव.

रोनाला ही बाई माहीत होती. कोण ओळखत नव्हतं तिला? फाटकाजवळच्या खोपटेवजा घरात मिसेस कॅटनाख एकट्या राहायच्या. वय एक्याऐंशी. रोना पाऊस मोजून टपाल आणायला फाटकाकडे गेली की खिडकी उघडायची आणि एकच शब्द बाहेर यायचा.

"किती?"

रोना आकडा सांगायची. म्हातारी मान हलवायची, खिडकी बंद. दोन वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

फक्त अगदी पहिल्या एप्रिलमध्ये एकदा त्या जास्त बोलल्या होत्या. उन्हाळ्यासाठी देशभरातली घड्याळं एक तास पुढे केली होती. रोना नेहमीसारखी नऊला मोजून आली आणि खिडकीशी थांबली.

"इतक्या लवकर कशी आलीस?"

"नऊ वाजून गेले की, मिसेस कॅटनाख."

"सरकारचे वाजले असतील. भांड्याचे आठच वाजलेत. उन्हाळ्यात दहाला मोजायचं असतं, पोरी. घड्याळ पुढे केलं म्हणून पाऊस काय एक तास आधी उठतो?"

बरोबर होतं. पावसाचा दिवस ग्रिनिचच्या नऊला संपतो आणि उन्हाळी घड्याळात तेव्हा दहा वाजतात. पदवीधर रोना मान खाली घालून परत गेली आणि दहाला पुन्हा मोजून आली. ही बाई एकच पाणी दोनदा मोजेल, हे तिला प्रुफं वाचताना पटेना. पण पटणं आणि न पटणं हा काही पुरावा नव्हे, एवढं शास्त्र तिला आलेलं होतं. तिने ग्रंथालयातून जुन्या नोंदवह्या काढून आणल्या.

वहीच्या आतल्या बाजूला डॉ. ड्रायसडेल यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेले नियम चिकटवलेले होते. पहिला नियम वेळेचा, ग्रिनिचचे नऊ, उन्हाळी घड्याळाचे दहा, अपवाद नाही. दुसरा असा की प्रत्येक नोंदीपुढे, ज्याने मोजलं त्याचीच आद्याक्षरं असावीत, दुसऱ्या कोणाची चालणार नाहीत.

१४ ऑगस्टचा आकडा तिथे होता. त्यावर लाल शाईची रेघ, बाजूला दोन शब्द: 'अविश्वसनीय. धोबीण.'

रोना पानं मागे उलटत गेली. मग थांबली, आणि परत पुढे आली. सत्रातले आकडे एका हाताचे होते. सुट्टीतले दुसऱ्या हाताचे, १४ ऑगस्टच्या नोंदीच्याच वळणाचे, सरळ, ठसठशीत, सातच्या कमरेला आडवी रेघ दिलेले. रविवारचेही त्याच हाताचे. हिमवादळाचे, नाताळचे, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळचेही. अठ्ठावन्न सालापासून सहासष्टपर्यंत, आठ वर्षं. आणि त्या प्रत्येक आकड्यापुढे हिरव्या शाईत 'एच. डी.' अशी आद्याक्षरं. एका सुट्टीची सगळी एका दमात, एकाच दौतीतून, वरपासून खालपर्यंत लिहिलेली. माणूस फ्रान्समध्ये असताना आर्डलेननच्या भांड्यातला पाऊस कसा मोजतो, हे शास्त्र रोनाला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी ती प्रुफाचं ते पान घेऊन फाटकाजवळच्या घरी गेली. दाखवावं की नाही, याचा तिने वाटेत बराच विचार केला. शेवटी तिला वाटलं, सगळ्या खोऱ्याने वाचून झाल्यावर हिने वाचावं, हे जास्त वाईट.

मिसेस कॅटनाखनी चष्मा लावून पान वाचलं. फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, त्या दिवशी चौथ्या वसतिगृहाच्या चादरी होत्या. मग उठून त्यांनी किटली चढवली.

रोनाने विचारलं, त्या दिवशी कसं मोजलं ते आठवतं का.

"आठवतं का, म्हणे. पन्नास वर्षं दुसरं काय आठवतेय मी?" त्या पाठमोऱ्याच बोलत होत्या. "रविवार होता. अकराला चर्च. दहाला भांड्याशी गेले तर आतली बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात उतरलेलं. मोजायची काच अर्ध्या इंचाची. एक काच भरायची, ओतून द्यायची आणि कपड्याचा एक चिमटा एप्रनच्या खिशात टाकायचा. आधी बाटलीतलं, मग डब्यातलं. दहा चिमटे झाले, आणि वर शतांशाच्या बारा रेघा. हात गारठलेले, म्हणून चिमटे परत मोजले. दहाच. चर्चला पोचले ती ओलीचिंब. वर पाद्रीबुवांची बायको म्हणाली, बेथिया, छत्री नाही का मिळाली."

"ओतून दिलेलं पाणी कुठे गेलं?"

"कुठे जाणार? गवतात. ओतून दिलेलं पाणी दोनदा मोजायचं तर गवत पिळावं लागलं असतं." त्या वळल्या. "त्या दिवशी दगडी पूल वाहून गेला, पोरी. दीडशे वर्षांचा पूल. तो काय माझ्या डोक्यातल्या पावसाने नेला?"

हे त्यांनी डॉक्टरांना तेव्हाच सांगितलं होतं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, बेथिया, तुझ्यावर फार ओझं टाकलं मी, असं म्हणाले, आणि भांड्याच्या कुलपाची किल्ली परत मागून घेतली. स्टाफरूममधून ती गोष्ट वसतिगृहात गेली, वसतिगृहातून गावात. धुलाईखान्याच्या खिडकीखालून मुलं ओरडायची, नोहाच्या बायको, आज होडी बांधायला घेऊ का? पोस्टमनसुद्धा म्हणायचा. नवरा गेला तेव्हा कुणीतरी फुलांच्या चिठ्ठीवर तेच लिहिलं, प्रेमानेच. किल्ली गेल्यापासून मात्र त्या भांड्याकडे जाईल त्याला किती ते विचारत आल्या होत्या.

शनिवारी रोना बसने जवळच्या पर्थ शहरातल्या अभिलेखागारात गेली. धरणाच्या जुन्या वह्या तिथे होत्या. ऑगस्ट १९६६ काढायला वीस मिनिटं लागली आणि उत्तर सापडायला दोनही लागली नाहीत. धरणाचा राखणदार नेटका माणूस होता, प्रत्येक नोंदीशेजारी वेळ लिहायचा. 'माझ्या घड्याळात नऊ.' एप्रिल असो, ऑगस्ट असो, डिसेंबर असो, माझ्या घड्याळात नऊ.

म्हणजे उन्हाळ्यात तो एक तास आधी मोजत होता. चौदा तारखेला त्याने भांडं रिकामं केलं आणि त्यानंतरच्या तासात आभाळ फाटलं. शाळेतल्या बाईने तो तास चौदा तारखेत धरला, कारण नियमच तसा होता. धरणावर तो पंधरा तारखेत गेला. रोनाने कागदावर मांडलं. धरण: चौदाला ३.९०, पंधराला १.६०. दोन्ही मिळून ५.५०. शाळा: ५.१२ आणि ०.३६. दोन्ही मिळून ५.४८. दोन दिवसांच्या बेरजेत फरक दोन शतांशांचा, एखादा थेंब काचेला चिकटून राहावा इतका. पाऊस तोच होता. फक्त राखणदाराचा दिवस चुकीच्या तासाला संपत होता. बरोबर मोजणारी बाई पन्नास वर्षं गावाचा विनोद होऊन बसली होती, आणि एक बेरीज करायला कुणाला सवड मिळाली नव्हती.

निदान बसमध्ये परत येताना तिला असंच वाटत होतं.

सोमवारी तिने शाळेच्या वहीतला पंधरा तारखेचा आकडा पुन्हा पडताळला. पान शिवणीपर्यंत उघडलं, तेव्हा आतल्या घडीत पेन्सिलीने काही लिहिलेलं दिसलं. बारीक, वळणदार अक्षर, नियमांच्या कागदावर होतं तेच. ५.१२ अधिक ०.३६. खाली ३.९० अधिक १.६०. दोन बेरजा, शेजारी बरोबरची खूण, आणि तारीख: ३ नोव्हेंबर १९६६.

सवड मिळाली होती तर. डॉक्टरांनी बेरीज केली होती, ती जुळली होती, आणि मग त्यांनी वही मिटून ठेवली होती. लाल रेघ तशीच. शब्द तसेच. पुढची अठरा वर्षं ते रोज सकाळी चॅपेलला जाता-येता धुलाईखान्यावरून जात होते आणि खिडकीखाली मुलं ओरडत होती. चूक कुणाच्याही हातून होते. मोजमापात चूक असतेच, ती धरूनच आकडा लिहायचा असतो, हे रोना पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. पण खरं कळल्यावर ते शिवणीत लपवणं याला मोजमापातली चूक म्हणत नाहीत.

हेडमास्तर लॉरिमर यांनी तिला दहा मिनिटं दिली. प्रिंगलसाहेबही होते. रोनाने वही उघडून ठेवली, बेरजा दाखवल्या, हिरवी आद्याक्षरं दाखवली. दोघांनी बघितलं. दोघेही मूर्ख नव्हते, त्यांना कळलं, आणि कळलं हे तोंडावर दिसलंही. म्हणूनच पुढचं तिला सहन होईना.

प्रिंगलसाहेब म्हणाले, अहो, ती गोष्ट माजी विद्यार्थ्यांची लाडकी आहे, त्यात कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. हेडमास्तर जास्त समंजस होते. गोष्ट काढून टाकू, म्हणाले. फोटोही काढू. बाईंना त्रास नको.

"काढू नका, दुरुस्त करा," रोना म्हणाली. "त्यांनी आठ वर्षं मोजलं, असं लिहा. आणि डॉक्टरांना माहीत होतं, हेही लिहा."

"इमारतीवर नाव कोरून झालंय, रोना."

"मग?"

"मग तुम्ही शहाण्या आहात," हेडमास्तर मऊ आवाजात म्हणाले. नोंदवह्या संस्थापक दिनाला प्रदर्शनात मांडायच्या आहेत, त्या छान पुसून ठेवा, एवढं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

म्हणजे सव्वीस वर्षं एकही दिवस न चुकता, हे वाक्य राहणार होतं. जिच्या जिवावर ते लिहिलं गेलं, ती पुस्तकातून सभ्यपणे पुसली जाणार होती. आणि हे तिच्यावरच उपकार म्हणून.

मिसेस कॅटनाखना रोनाने सगळं सांगितलं. पेन्सिलीच्या बेरजा त्यांनी चहा घेत ऐकल्या. तारीख ऐकली आणि त्यांनी कप खाली ठेवला.

"नोव्हेंबर?"

"तीन नोव्हेंबर."

"त्या नाताळात त्याने मला शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा आणून दिला होता. स्वतः, दारात. आठ वर्षं सुट्ट्यांत मोजलं तेव्हा फुटकी कवडी दिली नाही त्याने, आणि किल्ली काढून घेतल्यावर डबा. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. खाल्ला गं मी तो. आभार मानून खाल्ला."

नंतर त्यांनी विचारलं, आद्याक्षरांचा तो नियम अजून वहीत चिकटवलेला आहे का. आहे, रोना म्हणाली. नीट वाचून दाखव, म्हणाल्या. तिने पाठ झालेला नियम म्हणून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा म्हणायला लावला.

संस्थापक दिनाला आर्डलेननला नेहमीसारखंच ऊन आणि वारा होता. चौकड्यांचे घागरेवजा किल्ट घातलेले, टक्कल पडलेले माजी विद्यार्थी हिरवळीवर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, पाइप बँड चॅपेलसमोर सूर लावत होता. सभागृहात नवी पुस्तकं रचून ठेवली होती. धुलाईखान्याच्या पानावर आता अर्ध्या पानाचा पांढरा कोरा तुकडा होता. घाईत तिथे घालायला दुसरा फोटो मिळाला नव्हता. नोंदवह्या लांब टेबलावर मांडल्या होत्या, आणि शेजारी रोना उभी होती, कारण तिला तिथे उभं राहायला सांगितलं होतं.

नऊला मिसेस कॅटनाख आल्या. चर्चचा करडा कोट, हातात काठी. त्यांनी खुर्ची मागितली, ती रोनाने आणून दिली. अठ्ठावन्नची वही मागितली, तीही दिली. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि इस्टरच्या सुट्टीच्या पहिल्या आकड्यापुढे, हिरव्या 'एच. डी.'च्या शेजारी, सावकाश आपली आद्याक्षरं लिहिली. बी. सी. मग त्याच्या खालच्या आकड्यापुढे. मग त्याच्या खालच्या.

प्रिंगलसाहेब हे लांबून बघत होते. ते गर्दीतून जवळजवळ धावतच आले. "मिसेस कॅटनाख, हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे. त्यात असं लिहिता येत नाही."

"नियम वाच," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्याच डॉक्टरचा आहे. मोजलं त्याचीच अक्षरं. मी मोजलं."

"हेडमास्तरांना विचारायला हवं."

तेव्हा मिसेस कॅटनाखनी मान वर केली. त्यांना जवळ वाकायची खूण केली. प्रिंगलसाहेब वाकले. टेबलाच्या या बाजूला असल्यामुळे रोनालाही ऐकू आलं, दुसऱ्या कुणाला नाही.

"चादरींवरचा एकशे बारा नंबर ना तू? अकरा वर्षांचा होतास. खिडकीखाली तुझाच आवाज सगळ्यांत मोठा. आणि तुझ्या चादरी रोज सकाळी मी इतरांच्या आधी पाण्यात टाकत होते, वसतिगृहाच्या मेट्रनला दिसू नये म्हणून. दोन वर्षं, टॉर्किल. कुणाला बोलले मी कधी?"

साठी उलटलेल्या त्या माणसाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो सरळ उभा राहिला.

"आजही नाही बोलणार," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ लपवायला शिवण नाही, तरी नाही बोलणार. आता तो उजेड अडवू नकोस."

तो बाजूला झाला. हेडमास्तर आले तेव्हा टेबलाभोवती पंधरा-वीस माजी विद्यार्थी जमले होते आणि म्हातारी काय लिहितेय असं एकमेकांना विचारत होते. हेडमास्तरांनी प्रिंगलसाहेबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि तिकडेच बघत कोरड्या आवाजात म्हणाले, "त्यांनी मोजलं होतं, सर. त्या लिहितायत ते खरं आहे." चारचौघांसमोर एक्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातातून पेन काढून घ्यायचं धैर्य हेडमास्तरांना झालं नाही. त्यांनी कार्यक्रमपत्रिका बघितली. इमारतीचं उद्घाटन साडेदहाला होतं.

चॅपेलच्या घड्याळात दहाचे ठोके पडायला लागले.

"पोरी, तू इथे काय करतेस?" मिसेस कॅटनाख ओरडल्याच. "जा, भांडं बघून ये."

रोना धावत गेली. रात्री सर येऊन गेली होती. पाणी काचेत ओतून, गुडघ्यावर बसून, डोळा रेघेच्या पातळीला आणून तिने मोजलं, आणि पुन्हा एकदा मोजलं. चार पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. परत आली तेव्हा बाहेर बँड उद्घाटनाकडे निघाला होता, तरी बरेच लोक टेबलापाशीच थांबले होते. वही एकोणसाठच्या नाताळापर्यंत आली होती. प्रत्येक आकड्याला त्या क्षणभर थांबत, बघत, आणि मगच अक्षरं घालत. दोन आकड्यांपुढे त्यांनी स्वतःची अक्षरं घातली नाहीत. त्या दिवशी आपल्याला ताप होता, शेजारीण गेली होती मोजायला, असं म्हणाल्या, आणि शेजारणीचं पूर्ण नाव लिहिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

रोनाने सांगितलं.

त्यांनी मान हलवली, पान उलटलं आणि साठ सालात शिरल्या. सहासष्टचा ऑगस्ट यायला अजून बरीच पानं होती. लोकांनी खुर्च्या ओढून घेतल्या, कारण त्या मधली पानं गाळणार नाहीत हे आतापर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं.